तिरक्या अक्षरांची वाट

माझे यजमान दौंडच्या शाळेत इंग्रजी शिकवत. निवृत्त झाल्यावर शिरूरच्या घरी त्यांनी एक लहानसं इंग्रजी पुस्तक लिहायला घेतलं. आमच्या नातीला मराठी वाचता येत नाही, तिच्यासाठी. पुस्तकाचे दोन भाग व्हायचे होते. पहिला त्यांच्या लहानपणीच्या कवठे येमाईचा, दुसरा शिरूरमधल्या आमच्या संसाराचा. पहिला लिहून झाला होता. दुसऱ्याची मी वाट पाहत होते, बोलून मात्र कधी दाखवलं नाही.

इंग्रजी पुस्तकात परक्या भाषेतला शब्द आला की तो तिरक्या अक्षरात छापतात. त्यातही जुनी पद्धत अशी, की पहिल्यांदा येईल तेव्हा तिरका, त्यानंतर इतरांसारखा उभा. "पहिल्या दिवशी पाहुणा, मग घरचा," असं यजमान म्हणायचे. आपली भाकरी, चूल, उतरंड त्या इंग्रजी पानांत अशी एकेक करून घरची होणार, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

अडलं ते अक्षरावर. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. तिथल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत असतं तसं, दांड्यांच्या पायाशी बारीक टोकं असलेलं वळण त्यांनी निवडलं होतं. दौंडला त्यांच्या एका विद्यार्थ्याचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं तोच करतो. त्याच्याकडे त्या वळणाचं उभं अक्षर होतं, तिरकं नव्हतं. आम्ही दोघं दुकानात गेलो, तेव्हा त्यानं बटण दाबून उभंच कलतं केलं.

"हे पडतंय रे," यजमान म्हणाले.

"सर, तिरकं म्हंजी तिरकंच की. आजून किती पाहिजे? झोपवू का आता?"

"तुला बाकावर उभा करून एका बाजूला कलवला असता, तर तू चालायला लागला असतास का?"

"न्हाई सर, पडलो असतो. आन् पडलो म्हणून तुम्ही परत हाणला असता."

तिघंही हसलो. पण यजमान हटले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मला एका जुन्या पुस्तकातलं पान दाखवलं. तिथला लहान लिपीतला तिरका 'ए' उभ्या 'ए'ची टोपी काढून गोल झाला होता. 'एफ'नं शेपूट ओळीखाली सोडली होती. ही अक्षरं उभ्याला ढकलून झालेली नव्हती. कोणीतरी बोरूनं, हात न उचलता लिहीत गेल्यासारखी ती एकमेकांकडे झुकली होती आणि उभ्यांपेक्षा कमी जागेत बसली होती. ती खरोखर सुंदर होती. मलाही मोह पडला.

विद्यार्थी शोधतो म्हणाला. लग्नसराई आली, मग निवडणुकीचे फ्लेक्स आले. यजमान अधूनमधून न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरून दौंडला जात आणि नुसताच चहा घेऊन परत येत.

"अहो, तोवर दुसरा भाग तरी लिहायला घ्या," मी एकदा म्हणाले.

"पहिल्याची पानं डोळ्यांना दिसल्याशिवाय हात चालत नाही गं. एकदा अक्षर मिळू दे."

हिवाळ्यात त्यांना दम लागू लागला. उन्हाळा त्यांनी पाहिला नाही.

ते गेल्यावर काही महिन्यांनी विद्यार्थ्याचा फोन आला. "काकू, घावलं बघा सरांचं अक्षर." मी दौंडला गेले. त्यानं पहिल्या भागाची पानं छापून ठेवली होती. टोपी काढलेला 'ए' होता, शेपटीचा 'एफ' होता. त्यानं मात्र प्रेमानं पुस्तकातला प्रत्येक मराठी शब्द तिरका केला होता. "सरांनी एवढी वाट बघितली," तो म्हणाला, "म्हणलं, हात आखडता कशाला घ्या?"

मी पेन्सिल घेऊन त्याच्या दुकानात बसले. पहिली भाकरी तिरकी ठेवली, पुढच्या सगळ्या उभ्या करायला खुणा केल्या. चुलीचं तेच, उतरंडीचं तेच. ज्या अक्षरांसाठी ते थांबले, तीच मी पानापानांवरून कमी करत होते, आणि तेही त्यांच्याच नियमानं. त्यांनी हिशेब केला असता तर कळलं असतं, तिरकी अक्षरं सबंध पुस्तकात मूठभरच लागणार होती. तेवढ्यासाठी दुसरा भाग अडून राहिला.

शेवटच्या पानावरचं शेवटचं वाक्य मी आधीच वाचलेलं होतं. 'मग घरात कारभारीण आली, तिच्याविषयी पुढच्या भागात.' कारभारीण हा शब्द त्यांनी मराठीच ठेवला होता. घरात ते मला थट्टेनं तसंच म्हणत.

विद्यार्थी मागे येऊन उभा राहिला. जरा घुटमळला.

"काकू, पुढचा भाग तर न्हाई. हे वाक्य काढायचं का?"

"अर्धंच काढ. कारभारीण आली, एवढं राहू दे. तिथंच पूर्णविराम दे."

"बरं. आन् ही कारभारीण उभी करायची राहिली का तुमची?"

"नाही. ती तिरकीच राहील."

"का वो?"

"पुन्हा कुठं आलीच नाही ती."

त्यानं मान हलवली आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसला. अर्धं वाक्य पुसून झाल्यावर त्यानं विचारलं, "छापू मग?"

"छाप," मी म्हणाले.