डोंगरावर आलेला आवाज

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाखाली, तिन्ही बाजूंनी डोंगर. धानाला याहून चांगली जागा नाही आणि रेडिओला याहून वाईट नाही. गोंदियाच्या एका गिरणीवाल्याकडून मी बॅटरीवर चालणारा जुना सेट आणला आणि पंधरा दिवस नुसती खरखर ऐकली. सेटला शिव्या घालून झाल्या, विकणाऱ्याला घालून झाल्या. मग कुणीतरी सांगितलं, लहरी डोंगरावरून निघून जातात, आमच्या खोलगटात उतरतच नाहीत.

रेडिओ काही हौसेचा नव्हता. थोरला भाऊ पलटणीबरोबर सिंगापुरात होता. सिंगापूर पडलं, त्यानंतर दोन वर्षं त्याचं पत्र नाही की तार नाही. शत्रूचं एक स्टेशन संध्याकाळी कैद्यांचे निरोप ऐकवतं, असं गोंदियाच्या बाजारात दबक्या आवाजात बोललं जाई. बाबांनी मात्र आशा सोडली होती. प्रेत मिळालं नाही की पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. तो त्यांनी करून घेतला होता आणि ओसरीत आडवा ठेवला होता, अगदी भावाच्या उंचीचा. वारा आला की त्याची पानं कुरकुरायची. उद्या अवसेला तो जाळायचा आणि वहिनीने कुंकू पुसायचं, एवढं ठरलेलं. वहिनी त्याच्या शेजारून जाताना पदर सावरायची, घरात खरंच कुणी निजलं असावं तशी. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून दुपारीच कावडीत एकीकडे सेट आणि दुसरीकडे बॅटरी घालून मी डोंगर चढलो. वहिनी न विचारता मागे आली. तार मोहाच्या फांदीला बांधली. दिवस बुडता बुडता एक आवाज लागला, पण तो सारखा बुडायचा, वर यायचा. वहिनीने तारेचं लोंबतं टोक मुठीत धरलं आणि सगळं एकदम स्वच्छ झालं. तिने सोडलं की पुन्हा खरखर. मी धरून पाहिलं, तर काहीच नाही. तिच्या हातात काय होतं कोण जाणे.

अनोळखी माणसं एकामागून एक आपापल्या घरच्यांशी बोलत होती. मग भाऊ बोलला. आधी बाबांचं नाव, मग गावाचं, आणि मग, "मी बरा आहो. रोवना झाला काय?"

माघ चालू होता. धान कापून, चुरून कोठीत पडलं होतं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होऊन सहा महिने उलटले होते. हा आवाज पावसाळ्यात कधीतरी तबकडीवर भरून ठेवलेला होता, हे मला तिथल्या तिथे कळलं. धानाच्या घरची बाई ती, तिलाही कळलंच असणार. तार मुठीत घट्ट धरून तिने विचारलं, "हे आताच बोलून रायले ना, भाऊजी?"

मी हो म्हणालो.

घरी येऊन मी तेच बाबांना सांगितलं. त्यांनी पुतळ्याची पानं सोडवली आणि तलावात सोडली. पुढे दीड वर्ष वहिनीने कुंकू लावलं. लढाई संपली आणि सरकारी कागद आला. भाऊ कैदेत तापाने गेला होता, आणि तारीख होती त्या अवसेच्या दोन महिने आधीची.

भावाचे दिवस घातले. श्राद्धाची तिथी कोणती धरायची, असं भटजींनी विचारलं. मी कागदावरची तारीख सांगायला तोंड उघडलं, तोच दाराआड बसलेली वहिनी म्हणाली, "ते तिथी नाही. अवसेच्या आदल्या रोजी ते मह्यासंग बोलले. त्याच्या आंधी मेले कसे? तुमीच त हो म्हनले होते."

मी कागदाची घडी घातली आणि भटजींना माघातली ती अवस सांगितली. वहिनीला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दर माघात मी भावाला त्याच खोट्या तिथीला पान वाढतो. लाज वाटते, पण तिथी बदलायचा धीर होत नाही.