झमकूच्या नावाची बाटली

पुखराजशेठ तांदूळ आधी ऐकायचे. एक दाणा दाताखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि चावायचा. कट्ट वाजला तर माल सुका, नाहीतर पोतं परत. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचं धान्याचं दुकान होतं. मी मूळचा डोंगरातल्या तळेघरचा, भातात वाढलेला, म्हणून डोंगराकडून येणारा तांदूळ पारखायला त्यांनी मला ठेवलं. पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या माणसाचा ओला माल मी चांगला म्हणून घेतला, तेव्हा म्हणाले, "किसन, जिभेला भीड नको. माणसाला चहा पाज, पण माल माल म्हणून बघ." बोलणं असं सरळ, वर आवाज कधी चढायचा नाही. असा मालक मिळायला नशीब लागतं.

त्या गुरुवारी मात्र त्यांनी दुपारीच शटर अर्धं ओढलं आणि मला मागच्या गोदामात बोलावलं. टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली त्यांनी पोत्यावर ठेवली. जर्मनीची बिअर. त्यांचा मुलगा अभय तिकडे बिअरच्या कारखान्यात लागला, तेव्हापासून तीन वर्षं बापलेकांत बोलणं नव्हतं. सुट्टीवर आलेल्या त्याच्या मित्राच्या हाती ती आली होती, सोबत चिठ्ठी: 'ही मी बनवली. रविवारी घरी येतोय. त्याआधी बाटलीच्या मागे लिहिलेली गोष्ट वाचा.'

बाटलीवर डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र होतं आणि खाली देवनागरीत नाव, 'झमकू'. शेठच्या आईचं.

"जन्मात कांद्याला शिवली न्हाई माझी आई," शेठ म्हणाले. "आन तिचं नाव दारूवर. ह्यानं सूड घेतला का माझा? तू वाच. मग चाख. तू लग्नाकार्यात घेतोस, मला म्हाईत हाय. रविवारी दार उघडायचं का न्हाई, ते तुज्या सांगण्यावर."

एका घोटावर बापलेकांचं नातं ठरणार, आणि तो घोट माझा. बाहेर कुणी शटर वाजवलं तरी आम्ही दोघं दचकत होतो. बाटलीमागचा मजकूर जर्मन होता. मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला तसं मराठी उमटलं, मोडकंतोडकं, पण कळण्यासारखं. मी वाचू लागलो.

'झमकू माझी आजी. लग्न होऊन मारवाडातून डोंगराजवळच्या गावात आली. तिथे जव पिकत नव्हते. म्हातारपणी ती जवाची रोटी मागायची. ती तिला मिळाली नाही. जवाचा वास कसा असतो, हे तिनेच मला सांगितलं. ही बिअर जवाची आहे.'

शेठ पोत्यावर बसले. बाटली फिरवून तिच्यावरचं चित्र भिंतीकडे केलं. मला वाटलं, संपलं, आता दार बंदच.

"चाख," ते म्हणाले.

मी पेल्यात ओतून घोट घेतला. "कडू हाय, शेठ. मला न्हाई आवडली."

"आन जव?"

मी पुन्हा घोट घेतला. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण गरज पडली नाही. "गिळल्यावर येतोय. भाजल्या धान्यासारखा."

त्यांनी पेल्याला हात लावला नाही. फक्त मान पुढे केली आणि डोळे मिटून वास घेतला.

"बाटलीवर नाव घातलं, ते मला मरस्तोवर पटायचं न्हाई," ते म्हणाले. "पण रोटी मागितली व्हती तिनं. लई दिवस मागत व्हती. जव खपत न्हाईत म्हणून मीच आणले न्हाईत." मग ते रडले. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

फोन त्यांनी मलाच लावायला लावला. अभयनं उचलल्यावर म्हणाले, "ये. बाटली आणू नको. पुण्यात जव मिळतात म्हणं, ते आण."

शेठना जाऊन आता वर्ष होईल. अभय आला त्या रविवारपासून दुकानाच्या दारात जवाचं पोतं असतं. जुन्नरात ते कुणी फारसं नेत नाही. किडे लागतात तेव्हा मी नवं भरतो.