शमुवेलदादाचं तमिळ

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या मराठी माणसांत शमुवेल साळवेसारखं तमिळ कुणालाच येत नव्हतं. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. म्हणून धाकट्या भावाची, सुबोधची झोप उडाली, तेव्हा अण्णा नगरात मनाच्या डॉक्टरीणबाईंपुढे दुभाषा म्हणून तोच ऐटीत बसला.

"झोप येत नाही तेव्हा प्रार्थना करता, त्यात काय होतं?" बाईंनी विचारलं.

"प्रभू माझ्याशी बोलतो," सुबोध म्हणाला.

शमुवेलने ते तमिळमध्ये सांगितलं आणि वर 'कादुल' जोडलं, म्हणजे कानात. बाईंचं पेन थांबलं. "आवाज ऐकू येतात? मग आजच अ‍ॅडमिट करू."

'अ‍ॅडमिट' तेवढं सुबोधला कळलं. तो पांढराफटक पडला. "दादा, काय सांगितलंस रे? मी वेडा नाही!"

शमुवेल पेचात पडला. चूक कबूल करावी तर नाक जातं, गप्प बसावं तर भाऊ जातो.

"बाई, 'कानात' मी पदरचं घातलं," तो कसाबसा म्हणाला. "बायबलचं वचन वाचताना एखादी ओळ काळजाला भिडली, की आम्ही ख्रिस्ती माणसं 'प्रभू बोलला' म्हणतो. माझं तमिळ कच्चं आहे."

बाईंनी लिहिलेलं खोडलं. "झोपेची गोळी घ्या. प्रार्थनाही चालू ठेवा."

शमुवेलने मराठीत सांगितलं. सुबोधने संशयाने पाहिलं. "हे तरी बाईच म्हणाल्या ना, दादा?"