हातची भाकर

मानसिक आरोग्याच्या आमच्या कामात पेशंटला आधी विचारायचं, ‘तुला काय पाहिजे?’ झोप, भास, गोळ्या हे सगळं नंतर. हट्टा गावाकडच्या एका खेड्यात मी हे एका सुनेला विचारलं, तर उत्तर सासूनंच दिलं, “तिला काय कळतंय शिस्टर? मला इचारा.”

सून मात्र हळूच म्हणाली, “माझ्या पोरीला माझ्या हातची भाकर खाऊ घालायची हाय.”

दवाखान्यातून आल्यापासून तिला चुलीपाशी जाऊ देत नव्हते. विळी, काडेपेटी लपवून ठेवलेली. ताट सासू आणून द्यायची आणि ही घासाघासाला विचारायची, “ह्यात काही घातलं तर न्हाई न?” घरचे म्हणायचे, हेच तर तिचं येड. आजारात सुरुवातीला तो संशय होताही. पण बोलता बोलता सासू मोठ्या कौतुकानं सांगून गेली, की गोळी ती खलबत्त्यात कुटून पिठल्यात कालवते.

“तिला पत्ता बी लागत न्हाई!”

माझं डोकंच फिरलं. “म्हणजे ती खरं बोलत होती आणि तुम्ही तिला वेड्यात काढत होता,” मी म्हणाले.  गोळी चुकू नये म्हणून सासूनं एवढा आटापिटा केला होता, त्यात चुकलं काय हे तिला कळेना.

शेवटी तोडगा निघाला. गोळी सून सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं घेणार, आणि दुपारची चूल तिची. नवऱ्यानं मान हलवली. त्याची मान कुठल्याही गोष्टीला हलायची.

सुनेनं शब्द पाळला. गोळीनं हात थरथरायचा, तरी भाकर तव्यावर टम्म फुगायची. खाणार कोण? तिच्या सैपाकाला सासूची नेमकी एकादशी. इतक्या एकादश्या खुद्द पांडुरंगालाही झेपल्या नसत्या. नवऱ्याला शेतावरच भूक लागायची. पोरगी शेजाऱ्यांकडे जेवायची. भाकरी म्हशीच्या गव्हाणीत पडलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या.

“म्हैस तर चांगली ठणठणीत हाय की,” मी सासूला सुनावलं. ती म्हणाली, “तुमाला काय जातंय शिस्टर, लेकरू आमचं हाय.” मला तिचा राग आला. ती मनापासून घाबरली होती, हेही दिसत होतं.

पुढच्या भेटीत मी हट्टच धरला. पोरीला हाताला धरून आणलं, शेजारी बसवलं. सासू दारात उभी राहिली. सुनेनं गरम भाकर ताटात वाढली, वर तूप सोडलं. तिचा चेहरा मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच उजळलेला पाहिला.

पोरीनं घास मोडला, तोंडापर्यंत नेला आणि थांबली.

“आई, ह्यात काही घातलं तर न्हाई न?”

 सुनेनं त्याच भाकरीचा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला. पोरगी आईच्या गळ्याकडे बघत राहिली. तो घास खाली उतरला, तेव्हा कुठं तिनं आपला खाल्ला.