केळीच्या सोपटाची बाटली

अकोल्याच्या दवाखान्यात जंतू तपासायची एक खोली होती. मी तिथला कारकून, आणि बाटल्या धुवायला एक माळी होता. जुन्या शहरात मोर्णा नदीकाठी त्याचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता. जंतू वाढवायला बशीत गोठवलेल्या रश्श्यावर त्यांचे ठिपके उठले की डॉक्टरांच्या आधी तोच ओळखायचा. "पाहा बाबूजी, कसे जोरात निंगाले! मेथी बी असी निंगत नाई."

पटकीच्या साथीत विहिरींचं पाणी तपासायला येऊ लागलं. एका सकाळी त्यात नाव नसलेली बाटली निघाली. बुचावर केळीचं सोपट बांधलं होतं. मोगऱ्याचे गजरे तो त्यानंच बांधायचा. दुसऱ्या दिवशी तिच्या बशीत पटकी उगवली.

"ही कुठली विहीर?" डॉक्टरांनी विचारलं.

"मले नाई मालूम, साहेब."

डॉक्टर गेल्यावर मी बुचावरच्या सोपटाकडे बोट दाखवलं.

"माही इहीर बंद झाली तं माहा भाजीपाला कोन घेईन, बाबूजी? घरी आमी पानी उकळूनच पेतो."

त्या विहिरीवर सारी गल्ली पाणी भरते, हे मला ठाऊक होतं. तरी मी डॉक्टरांना ते सांगितलं नाही.

पुढं तो बरेच दिवस आला नाही. आला तो मुंडण करून. त्याची आई शेजारणीकडे भाजी निवडायला बसली होती आणि तिथलं न उकळलेलं पाणी प्याली होती.

त्यानं कपाटातून ती बाटली काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली.

"आता लिवा माह्या इहिरीचं नाव."

मी वही उघडली. त्या बाटलीपुढची जागा मीच कोरी सोडली होती.