मास्तरांच्या वाटा

सह्याद्रीतली वाट न् वाट पायांखालून गेलेला माणूस राहायला मात्र सोलापुरात असावा, हा विनोद देवाला एकदाच सुचला असणार. आमच्या भवानी पेठेतले गडवाले चाचा म्हणजे तो विनोद. चढ म्हणायला आमच्याकडे एक रेल्वेचा पूल. चाचा आपल्या दुकानातले यंत्रमागाचे सुटे भाग पाठीवरच्या पिशवीत भरून, सराव म्हणून, तो पूल रोज चार वेळा चढायचे. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की थांबून गंभीरपणे विचारायचे, "फुडं पाणी हाय का?"

त्यांची खरी ख्याती होती ती इंटरनेटवरच्या भटक्यांच्या एका जुन्या फोरमवर. तिथे कुणी नवख्याने काही विचारलं की पाच मिनिटांत चाचा हजर: "यावर मागेच चर्चा झाली आहे, पाहा." खाली लिंक. पंधरा वर्षांत त्यापलीकडे एक ओळ लिहिली असेल तर शपथ! घरीही तीच तऱ्हा. भाजी कुठली आणू म्हणून चाचींनी विचारलं, की "ते रमजानच्या आधी बोललोय की आपण." माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नात आशीर्वाद द्यायची वेळ आली तर म्हणाले, "थोरलीला दिलाय तोच धर." पोरगी बोहल्यावर हसून हसून बेजार.

त्यांच्या बहुतेक लिंका एकाच माणसाच्या लिखाणाकडे जायच्या. वैरागचे एक निवृत्त मास्तर, चाचांचे जोडीदार. पंचवीस वर्षं दोघं मिळून हिंडले. चाचांनी वाट शोधायची, मास्तरांनी ती लिहायची, अशी वाटणीच होती. तीन वर्षांपूर्वी मास्तर वारले. मी चाचांना भेटायला गेलो, तर तेच माझी समजूत काढायला लागले, "जात्यात कुटं? समदं लिवून ठेवलंय की त्यांनी."

मग यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी फोरमचं बिऱ्हाड नव्या वेबसाइटवर हललं. मंगळवेढ्याच्या एका मुलीने विचारलं, अमुक किल्ल्याच्या मागच्या वाटेवर पाणी कुठे आहे? रविवारी त्या आठजणी निघणार होत्या. चाचांनी लिंक दिली. तिचं उत्तर आलं, "काका, पान सापडत नाही म्हणतंय." दुसरी दिली, तीही तशीच. मी दुकानात गेलो तेव्हा गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं आणि चाचा एकेक जुनी लिंक दाबून पाहत होते.

"मास्तर आज गेले बगा," ते म्हणाले.

उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "चाचा, वाट तुम्हीच शोधलीय ना? मग तुम्हीच लिहा की."

"काय लिवू? उंबराच्या झाडापासनं पाण्याचं टाकं डाव्या हाताला का उजव्या, त्येबी आठवंना. चुकीचं सांगितलं तर पोरी उन्हात तडफडतील."

मग त्यांनी त्या मुलीला दोनच शब्द लिहिले: "मी येतो."

वय अडुसष्ट, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. चाचींनी दार अडवलं, "गुडघ्याचं डाक्टरशी मागंच बोलणं झालंय की!" आयुष्यात पहिल्यांदा चाचांचं शस्त्र चाचांवर चाललं. पण ते कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून गेलेच.

सोमवारी सुजलेले पाय स्टुलावर ठेवून ते दुकानात एका बोटाने टाइप करत होते. संध्याकाळी मी फोरमवर वाचलं: "उंबराशी उभे राहा. टाके उजव्या हाताला, वीस पावलांवर. खडकाआड आहे, वाकल्याशिवाय दिसत नाही. मास्तर इथे बसून भाकरी खायचे. तुम्हीही बसा." त्याखाली त्या मुलीने लिहिलं होतं, "चाचा, बाकीच्या वाटाही लिहा ना."

मी दुकानात जाऊन विचारलं, "किती राहिल्यात लिहायच्या?"

"समद्याच," चाचा म्हणाले. गुडघ्याचा पट्टा त्यांनी जरा सैल केला. "लिवता लिवता आडलं तर परत जाऊन बगावं लागंल. मास्तर असते तर बरं झालं असतं."

आणि चष्मा पुसून ते पुढचं अक्षर शोधायला लागले.