मॅडम गप्प बसायला शिकल्या तेव्हा
अगं, इकडं ये, माझ्याजवळ बसलीयस असं समज आणि ऐक. शिकवायला लागलीस म्हणून मावशीला फोन करायचा नाही होय? आज शेजारच्या पोरीच्या रंगीत खडूंचा मेणकट वास आला आणि सोलापूरच्या दवाखान्यातली आमची खेळखोली आठवली. मुलांसाठी खेळणी मांडायचं, आवरायचं काम माझं. खेळातनं मुलाच्या मनातलं कसं ओळखायचं, हे एक तरुण मॅडम शिकाऊ डॉक्टरांना शिकवायच्या. आणि मॅडमना वाट दाखवायला एक म्हातारे सर यायचे. त्या दुपारी मॅडम रडवेल्या होऊन सरांना म्हणाल्या, "मला शिकवणं जमत नाही, सोडते मी. माझी विद्यार्थिनी खेळायला आलेल्या मुलाला बोलूच देत नाही. तो गप्प झाला की हीच त्याच्या वतीनं बोलते." सरांनी चहाचा कप बाजूला ठेवला. पंख्याची गरम हवा, चहावर साय धरलेली. मला राहवेना. "अवो सर, बोला की कायतरी! मॅडम रडायल्यात." सरांनी नुसता हात वर केला, "मावशी, थांबा." लई वेळानं मॅडमनी डोळे पुसले. "सर, ती अडली की मीपण तेच करते. तिला विचार करूच देत नाही." "मग?" "उद्या थांबून बघते." दुसऱ्या दिवशी ती विद्यार्थिनी अडली, तेव्हा मॅडमनी ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं, पण तोंड उघडलं नाही. त्यांनी नोकरीही सोडली नाही. तू आलीस की मीच सल्ले देत सुटते, म्हणून येत नाहीस ना? या रविवारी ये गं. तू बोल, मी ऐकीन.